गाडीचा साइड मिरर: उघडण्याची रीत आणि दुरुस्ती

मोटारीचा साइड मिरर बाहेरून पाहिला तर एक काच आणि तिच्या पाठीवर रंगीत टोपण, एवढेच दिसते. प्रत्यक्षात त्यात अनेक भाग असतात. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सुटतो, स्वतंत्रपणे बिघडतो आणि पुष्कळदा बाजारात सुटाही मिळतो. तरीही काच तडकली किंवा मोटर बंद पडली की सगळा आरसा बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आरसा कुठून उघडतो, त्याचा कोणता भाग कशाने धरलेला असतो आणि कुठला बिघाड कोणत्या भागाचा असतो, हे माहीत असेल तर बहुतेक वेळा एका सुट्या भागावर काम निभावते. त्यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात: आधी दोष ओळखायचा आणि त्या दोषासाठी लागेल तेवढेच उघडायचे.

आतली रचना

सर्वांत पुढे काच असते. ती एका प्लास्टिकच्या पाटीवर चिकटवलेली असते आणि काच व पाटी मिळून एकच सुटा भाग मानला जातो. सुट्या भागांच्या दुकानांत त्याला मिरर प्लेट किंवा सब-मिरर म्हणतात. महागड्या गाड्यांत काच आणि पाटी यांच्यामध्ये दव घालवणाऱ्या हीटरचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोन वायरी पाटीच्या मागच्या टोकांना जोडलेल्या असतात.

पाटीच्या मागे काच हलवणारी मोटर असते. एकाच चपट्या डबीत दोन छोट्या मोटरी बसवलेल्या असतात. एक काच वर-खाली करते, दुसरी डावी-उजवीकडे. पाटी या डबीवर केवळ क्लिपांच्या दाबाने बसलेली असते. तिथे स्क्रू नसतो. साध्या गाड्यांत मोटरीऐवजी आतून फिरवायची दांडी आणि तिला जोडलेल्या तीन केबली असतात. त्याहून साध्या गाड्यांत यातले काहीच नसते आणि काच बाहेरून बोटाने ढकलून लावतात.

मोटर ज्या सांगाड्यावर स्क्रूने घट्ट केलेली असते, त्याच सांगाड्यावर मागून रंगीत टोपण आणि बाजूने इंडिकेटरचा दिवा बसतो. सांगाडा आणि दारावरचा पाय यांच्यामध्ये आरसा मिटवणारा सांधा असतो. त्यात एक जाड स्प्रिंग आणि खाचांच्या दोन चकत्या असतात. बटणाने मिटणाऱ्या आरशात शिवाय तिसरी मोटर आणि दातेरी चक्रे असतात. सगळ्या वायरी या सांध्याच्या पोकळ दांडीतून जाऊन दारात उतरतात. शेवटचा भाग म्हणजे पाय. तो बहुधा तीन नटांनी किंवा बोल्टांनी दाराच्या पत्र्याला घट्ट केलेला असतो आणि मध्ये फोमची किंवा रबराची गादी असते.

उघडण्याआधी निदान

काच तडकली असेल, डाग पडले असतील किंवा पारा सुटू लागला असेल, तर फक्त मिरर प्लेट बदलायची असते. टोपणाला हात लावण्याचीही गरज नसते. रंग खरवडला गेला किंवा टोपण फुटले तर टोपण तेवढे बदलावे लागते, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी आधी काच काढावी लागते.

काच बटणाने हलत नसेल तर आधी कान द्यावा. बटण दाबल्यावर मोटरीचा आवाज येतो पण काच जागची हलत नाही, अशा वेळी वीज पोहोचते आहे हे नक्की असते. आतले दाते झिजलेले असतात किंवा पाटी मोटरीच्या क्लिपांवरून निसटलेली असते. आवाजच येत नसेल तर दोन्ही बाजूंचे आरसे तपासावेत. दोन्ही बंद असतील तर दोष फ्यूजमध्ये किंवा दारावरच्या बटणात असण्याची शक्यता अधिक, आणि आरसा उघडून काही हाती लागणार नाही. एकच बंद असेल तर त्या बाजूचा कपलर, वायर किंवा मोटर तपासावी. काच वर-खाली होते पण डावी-उजवीकडे होत नाही, असे असेल तर दोनपैकी एक मोटर किंवा तिची वायर गेलेली असते. पुष्कळ गाड्यांत ही बटणे किल्ली अर्धी फिरवल्याशिवाय चालत नाहीत आणि डावा-उजवा निवडणारा खटका मध्यावर असला तरी आरसा हलत नाही. या दोन गोष्टी सर्वांत आधी पाहाव्यात.

काच वेगात थरथरते आणि मागच्या गाड्यांचे दिवे दुहेरी दिसतात, याचे कारण पाटीची एखादी तुटलेली क्लिप किंवा काच ज्यावर कलते तो मधला झिजलेला गोळा असतो. पूर्ण आरसाच डुलत असेल तर पायाचे नट सैल झालेले असतात किंवा सांध्याची स्प्रिंग ढिली पडलेली असते.

बटणाने मिटणारा आरसा कोणाच्या धक्क्याने किंवा हाताने मिटला गेला, तर त्याच्या खाचा मोटरीच्या हिशेबातून सुटतात. मग तो सैल वाटतो किंवा अर्ध्यावर थांबतो. अशा वेळी गाडी उभी ठेवून आरसा बटणाने दोन-तीनदा पूर्ण मिटवावा आणि उघडावा. खट्ट असा मोठा आवाज होऊन खाच पुन्हा बसते. त्या आवाजाला घाबरून आरसा उघडायला घेऊ नये, कारण त्या आवाजासरशी तो जागेवर आलेला असतो.

काही आरसे घरी उघडू नयेत. टोपणाखाली कॅमेरा असलेला आरसा काढून बसवला की गाडीच्या चहूबाजूंचे चित्र जुळवण्यासाठी कंपनीच्या यंत्रावर कॅमेऱ्याची मांडणी पुन्हा करावी लागू शकते. रात्री मागच्या गाडीच्या उजेडाने आपोआप गडद होणाऱ्या काचेत दोन काचांमध्ये रासायनिक द्रव किंवा जेल असते. अशी काच फुटली असेल तर हातमोजे घालावेत, तो द्रव त्वचेला आणि रंगाला लागू देऊ नये, आणि दुरुस्तीचा विचार सोडून काच बदलावी.

हत्यारे आणि तयारी

या कामाला फार हत्यारे लागत नाहीत. प्लास्टिकची रुंद पट्टी किंवा ट्रिम काढायचे प्लास्टिकचे हत्यार, एक चपटा आणि एक चौपाकळी स्क्रूड्रायव्हर, टॉर्क्सचे टी-१०, टी-१५ व टी-२० बिट, आणि दहाची गोटी लांब दांडीसह, एवढ्यावर बहुतेक गाड्यांचे काम होते. पायाचे नट बऱ्याचदा ६ मिलिमीटर आट्याचे असतात, म्हणून त्यांना दहाची गोटी लागते. शिवाय मास्किंग टेप, जाड कापडाचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, केस वाळवायचा ड्रायर आणि विजेचे काम असेल तर मल्टिमीटर हाताशी ठेवावा.

गाडी सावलीत आणि सपाट जागी उभी करावी. प्लास्टिक थंड असते तेव्हा ठिसूळ असते आणि क्लिपा तुटतात. नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरच्या सकाळी हे काम टाळून दुपारी करावे, किंवा काचेभोवती आणि मागच्या कडेला काही मिनिटे ड्रायरची ऊब द्यावी. पेंट वितळवणारी हीट गन वापरू नये. तिच्याने टोपणाचा रंग फुगतो आणि कड वाकते.

फक्त काच किंवा टोपण काढायचे असेल तर किल्ली बंद ठेवणे पुरते. वायरीला किंवा दाराच्या पॅडला हात लावायचा असेल तर बॅटरीचे ऋण टोक सोडून काही मिनिटे थांबावे. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा संवेदक दारात असतो आणि तो सुटलेला असताना किल्ली फिरवली तर एअरबॅगचा इशारा देणारा दिवा पेटून राहतो. बॅटरी सोडण्याआधी दाराची काच पूर्ण वर करून घ्यावी. बॅटरी परत जोडल्यावर एका स्पर्शात वर जाणारी काच काही गाड्यांत नव्याने शिकवावी लागते. त्याची कृती गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते.

नवा भाग आधी आणून मगच जुना काढावा. भाग मागताना मॉडेल, वर्ष, डावी की उजवी बाजू, मोटर, हीटर आणि इंडिकेटर आहे की नाही, हे सगळे सांगावे. चासी नंबर दिला तर चूक होत नाही. आपल्याकडे उजवी बाजू ड्रायव्हर साइड आणि डावी बाजू क्लीनर साइड म्हणून ओळखली जाते. दुकानात बाजू सांगताना गाडीत बसून समोर पाहिल्यावरची डावी-उजवी धरावी. समोर उभे राहून धरली तर उलटा भाग हातात पडतो. पुण्यातली नाना पेठ किंवा मुंबईतला ऑपेरा हाऊसचा भाग अशा सुट्या भागांच्या बाजारांत बऱ्याच गाड्यांच्या मिरर प्लेट सुट्या मिळतात.

काच कशी निवडावी

आपल्या मोटारींच्या बाजूच्या आरशांत सर्रास बहिर्गोल काच असते. तिच्यात गाड्या लहान आणि म्हणून दूर भासतात, पण दिसणारा पट्टा रुंद होतो. काच फुटल्यावर काचवाल्याकडून साधी सपाट काच कापून चिकटवण्याची पद्धत म्हणून धोक्याची आहे. सपाट काचेत बाजूच्या रांगेतला मोठा भाग दिसेनासा होतो, आणि ओव्हरटेक करणारी दुचाकी नेमकी तिथेच असते.

वक्रताही कितीही चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक ४६ प्रमाणे मोटारीच्या बाजूच्या मुख्य आरशाची वक्रता-त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. त्याहून गोल काच अंतराचा अंदाज फारच बिघडवते. अमेरिकेत चालकाच्या बाजूची काच सपाटच असावी लागते आणि दुसऱ्या बाजूची बहिर्गोल असेल तर त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवून तिच्यावर सावधानतेचा मजकूर कोरावा लागतो. त्यामुळे परदेशातून मागवलेली त्याच मॉडेलची काच दिसायला सारखी असली तरी दाखवायला वेगळी असू शकते. आपल्या बाजारासाठी बनलेल्या त्याच गाडीची मिरर प्लेट घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

काच काढणे

काच फुटलेली असेल तर सर्वांत आधी तिच्यावर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या चिकटवाव्यात. तुकडे एकत्र राहतात आणि पाटी निघताना हातात घुसत नाहीत. टोपणाच्या कडेलाही टेपचा एक थर द्यावा, म्हणजे हत्याराने रंग खरवडत नाही.

मग काच तिरपी करावी. बहुतेक आरशांत वरची कड आत ढकलली की खालची कड बाहेर येते आणि तिच्यामागे बोटे जाण्याइतकी फट पडते. हे बटणाने करावे; मोटर बंद असेल तर काचेच्या वरच्या भागावर तळव्याने सावकाश दाब द्यावा. काही आरशांत हीच फट बाहेरच्या कडेला मिळते. अशा वेळी गाडीकडची कड आत ढकलावी. कोणत्या कडेला जागा जास्त आहे, ते टॉर्चच्या उजेडात आत डोकावून आधी पाहावे.

फटीतून प्लास्टिकची पट्टी पाटीच्या मागे सारावी. पट्टीचा जोर पाटीवर पडला पाहिजे. नुसत्या काचेवर पडला तर काच चटकन तडकते. पट्टी मध्याजवळ नेऊन हलके उचलले की पहिली क्लिप टक्क आवाज करत सुटते. त्यानंतर बोटांनी पाटी दोन्ही बाजूंनी धरून सरळ आपल्याकडे ओढावी. ती हिसक्याने येते, म्हणून दुसरा हात खाली तयार ठेवावा आणि शक्यतो खाली जाड कापड अंथरावे.

काही जुन्या युरोपीय गाड्यांत क्लिपांऐवजी फिरती कडी असते. टोपणाच्या खालच्या बाजूला असलेल्या छोट्या भोकातून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून ती कडी बाजूला सरकवली की पाटी आपोआप सुटते. अशा आरशात पाटी ओढत राहिले तर मोटरीचे तोंडच तुटते. म्हणून ओढण्याआधी खालून एकदा पाहावे. हा नियम पुढच्या प्रत्येक पायरीला लागू आहे: एखादा भाग बेताच्या जोराने निघत नसेल तर कुठेतरी न दिसलेली क्लिप किंवा स्क्रू आहे, आणि जोर वाढवण्याऐवजी तो शोधायला हवा.

पाटी बाहेर आली की ती लगेच दूर नेऊ नये. मागे हीटरच्या वायरी असू शकतात. टोकाची धातूची पट्टी एका हाताने पाटीवर दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने वायरीचे टोपण ओढावे. वायर धरून ओढली तर पट्टी हीटरच्या पडद्यातून उखडते आणि धड काचही निकामी होते. दोन्ही वायरी सुटल्यावर त्या आत घसरू नयेत म्हणून कडेला टेपने अडकवून ठेवाव्यात.

हीटर तपासायचा असेल तर हीच वेळ. १२ व्होल्टवर चालणारा हीटर साधारण १० ते २० वॅटचा असतो, म्हणजे पाटीच्या दोन टोकांमधला रोध ढोबळमानाने ७ ते १४ ओहम यावा. मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल तर पडदा तुटला आहे आणि पाटी बदलावी लागेल. रोध बरोबर येऊनही काच गरम होत नसेल तर दोष मागच्या वायरीत, रिलेत किंवा फ्यूजमध्ये शोधावा. पुष्कळ गाड्यांत हा हीटर मागच्या काचेच्या डिफॉगरच्या बटणावरच चालतो.

फुटलेल्या काचेचे बारीक कण आत पडलेले असतात. ते मोटरीच्या सांध्यात अडकले तर नव्या पाटीचा गोळा घासतो. ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने ते काढावेत. तोंडाने फुंकू नयेत.

टोपण आणि इंडिकेटर

काच निघाली की सांगाड्याच्या आतून टोपणाच्या क्लिपा दिसतात. त्या साधारणपणे कडेने चार ते सहा असतात. प्रत्येक क्लिप चपट्या स्क्रूड्रायव्हरने आत दाबत, सुटलेली बाजू दुसऱ्या हाताने किंचित पुढे ओढून धरावी, म्हणजे ती पुन्हा बसत नाही. सगळ्या सुटल्या की टोपण गाडीच्या पुढच्या दिशेने सरकते. काही आरशांत टोपण एक-दोन स्क्रूनेही धरलेले असते. ते स्क्रू काच काढल्यावरच दिसतात.

टोपणाखाली इंडिकेटरचा दिवा एक-दोन स्क्रूवर बसलेला असतो. बहुतेक आरशांत तो एलईडीचा असतो आणि पूर्णच बदलावा लागतो. त्याच्या काचेआड पाणी साचले असेल तर दिवा वाळवून पुन्हा लावण्यात अर्थ नसतो; ज्या भेगेतून पाणी गेले ती भेग तशीच राहते आणि पहिल्या पावसात दिवा परत बंद पडतो. दिवा काढल्यावर त्याच्या कपलरमध्ये हिरवट थर दिसला तर ते तांब्याचे गंजणे आहे. कोकणात आणि समुद्रकाठच्या शहरांत हे हमखास आढळते. विजेच्या जोडांसाठी असलेल्या क्लीनरने आणि मऊ ब्रशने पिना स्वच्छ केल्या, पूर्ण वाळवल्या आणि थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले की नवा दिवा न घेताही पुष्कळदा काम होते.

साफसफाईला पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. आरशाचे प्लास्टिक बहुधा एबीएस जातीचे असते आणि या द्रवांनी ते पांढरे पडून चिरते. कोमट पाणी आणि साबण पुरतो.

मोटर

मोटरीची डबी तीन किंवा चार स्क्रूंवर सांगाड्याला लावलेली असते. स्क्रू प्लास्टिकमध्ये थेट पिळलेले असल्याने त्यांचे आटे नाजूक असतात. काढताना स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवावा. परत लावताना आधी स्क्रू उलटा फिरवून जुन्या आट्यात बसल्याचा हलका टप्पा जाणवू द्यावा आणि मगच पिळावा. नाहीतर नवे आटे पडतात आणि पकड जाते.

साध्या मोटरीला तीन वायरी असतात: एक दोन्ही मोटरींना सामाईक आणि उरलेल्या दोन एकेकीच्या. दिशा बदलण्यासाठी वेगळी वायर नसते. दारावरचे बटण धन-ऋण उलटे करते आणि मोटर उलटी फिरते. म्हणून तपासणीही सोपी असते. कपलर सोडून मोटरीच्या बाजूच्या सामाईक पिनेला आणि दुसऱ्या एका पिनेला ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची टोके लावावीत, मग टोके उलटी करावीत. हेच तिसऱ्या पिनेवर करावे. चारही दिशांना डबीचे तोंड हलले तर मोटर धडधाकट आहे आणि दोष वायरीत किंवा बटणात आहे. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी वापरायची असेल तर मध्ये लहान फ्यूज घ्यावा. शेवटच्या टोकाला पोहोचल्यावर मोटर टकटक करू लागते. तो आतल्या घसरत्या क्लचचा आवाज असतो. त्या स्थितीत ती फार वेळ चालवू नये.

गाडी मागे घेताना काच खाली झुकवणाऱ्या किंवा सीटबरोबर जागा लक्षात ठेवणाऱ्या आरशात आणखी वायरी असतात. त्या मोटरीच्या नसून जागा मोजणाऱ्या संवेदकांच्या असतात आणि कमी व्होल्टवर चालतात. त्यांना १२ व्होल्ट लावले तर संवेदक जळतो. वायरिंगचा नकाशा हाताशी नसेल तर अशा आरशाची मोटर बाहेरून वीज देऊन तपासू नये.

मोटर धड आहे आणि तरी वीज पोहोचत नाही, तर वायर दोन ठिकाणी तुटलेली आढळते: आरशाच्या सांध्यात आणि दार व खांबामधल्या रबरी नळीत. दोन्ही ठिकाणी वायर रोज वाकते. बाहेरचे आवरण शाबूत असले तरी आतली तांब्याची तार तुटलेली असू शकते, म्हणून डोळ्यांवर न विसंबता मल्टिमीटरने वायर हलवत तपासावे. जोड द्यायचा असेल तर डाख देऊन त्यावर आकसणारी नळी बसवावी आणि जोड वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नये. तिथे डाखलेली वायर काही महिन्यांत पुन्हा तुटते.

दारापासून आरसा सोडवणे

सांधा, पाय किंवा आतली वायर दुरुस्त करायची असेल तरच पूर्ण आरसा काढावा. दाराच्या आत, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात एक त्रिकोणी कव्हर असते. ते वरच्या टोकाकडून प्लास्टिकच्या पट्टीने उचकटावे. काही गाड्यांत त्यातच छोटा स्पीकर असतो. त्याचा कपलर आधी सोडावा. आतून समायोजन करणारी दांडी असेल तर तिची रबरी टोपी आणि कडी काढल्यावरच कव्हर निघते.

कव्हरच्या मागे तीन नट किंवा बोल्ट दिसतात. त्यांना हात लावण्याआधी खालच्या पोकळीत कापडाचा बोळा कोंबावा. निसटलेला नट दाराच्या तळाशी गेला तर तो शोधण्यासाठी अख्खा पॅड काढावा लागतो. कपलर जवळच असेल तर तो आधी सोडावा. दोन नट काढून तिसरा सैल ठेवावा, बाहेरून एका हाताने आरसा धरावा आणि मगच शेवटचा नट काढावा. एकट्याने काम करताना हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आरसा खाली पडला नाही तरी वायरीवर लोंबकळून कपलर फाटू शकतो.

कपलर दारात खोल असेल तर पॅड काढावा लागतो. त्याचे स्क्रू आतल्या हँडलमागे, हाताच्या टेकूच्या खोबणीत आणि खालच्या कडेला दडलेले असतात. ते काढल्यावर पॅडच्या कडेच्या क्लिपा एकेक करून सोडवाव्यात, पॅड वर उचलून बाजूला घ्यावा आणि कुलपाची केबल व बटणांचे कपलर सोडावेत. आत दिसणारा प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट पट्टीवर चिकटलेला असतो. दारात शिरलेले पावसाचे पाणी तो खाली वाहू देतो आणि केबिनपासून अडवतो. तो फाडू नये. लागेल तेवढाच कोपरा सोडवावा आणि काम झाल्यावर संपूर्ण कडेने पुन्हा दाबून चिकटवावा. पडदा नीट न बसल्याने पावसाळ्यात पायाखालचे गालिचे ओले होतात आणि पाणी कुठून येते ते कळत नाही.

घडीचा सांधा

मिटवण्याच्या सांध्यातली स्प्रिंग मोठ्या दाबाखाली बसवलेली असते. तिच्या डोक्यावरची कडी उचकटली की स्प्रिंग उसळून चेहऱ्यावर येऊ शकते. ती दाबून धरणारे योग्य हत्यार आणि डोळ्यांचा चष्मा नसेल तर हा भाग उघडू नये, आणि सैल सांध्यासाठी पायासह पूर्ण सांगाडा बदलावा. घडीची मोटर सतत गुरगुरत असेल तर तिचे प्लास्टिकचे चक्र फुटलेले असते. काही गाड्यांची अशी चक्रे सुटी मिळतात. जुन्या चक्राचे दाते मोजून, उंची आणि भोकाचा व्यास मापून तशीच मागवावीत.

पुन्हा जोडणी

जोडणीचा क्रम उलटा असतो, पण त्यात काही गोष्टी नव्याने सांभाळाव्या लागतात. पायाखालची गादी दबून चपटी झाली असेल तर ती बदलावी. नाहीतर वेगात वाऱ्याची शीळ येते आणि पाणी आत झिरपते. तिन्ही नट आधी बोटांनी लावावेत, मग आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत. एकच नट आधी पूर्ण आवळला तर पाय तिरका बसतो. हे नट लहान असतात, म्हणून अंगचा जोर लावू नये; दुरुस्ती पुस्तिकेतला आकडा मिळाला तर टॉर्क पान्याने तेवढेच आवळावे.

त्रिकोणी कव्हर आणि टोपण लावण्याआधी बॅटरी जोडून सगळे चालवून पाहावे: मोटरीच्या तोंडाच्या चारही हालचाली, मिटणे-उघडणे, इंडिकेटर आणि हीटरच्या वायरींत येणारी वीज. एखादा कपलर विसरला असेल तर तो इथेच सापडतो. मगच टोपण बसवावे.

काच बसवताना मोटरीचे तोंड मध्यावर आणावे, हीटरच्या वायरी जोडून त्या हलणाऱ्या भागांपासून दूर वळवाव्यात आणि पाटीच्या मधल्या खाचा मोटरीच्या तोंडावर नेमक्या टेकवाव्यात. काचेवर कापडाची घडी ठेवून तळव्याने मध्यभागी, मग चारही क्लिपांच्या वर दाब द्यावा. क्लिप बसल्याचे टक्क असे आवाज ऐकू येतात. कडेला किंवा कोपऱ्यावर दाबले तर नवी काच बसतानाच तडकते. शेवटी कड धरून हलके ओढून पाहावे. सैल लागली तर क्लिप बसलेली नाही.

पाटी शाबूत असून नुसती काच चिकटवायची असेल तर जुना गोंद पूर्ण काढून आरशांसाठीची दुहेरी चिकटपट्टी किंवा तटस्थ प्रकारचे सिलिकॉन वापरावे. शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन आम्ल सोडते आणि त्याने काचेचा परावर्तक थर व तांब्याच्या पट्ट्या खराब होतात. तुटलेल्या क्लिपा झटपट गोंदाने जोडण्याचा प्रयत्न फसतो: जोड ठिसूळ राहतो, गोंदाच्या वाफेने काचेवर पांढरी झाक येते, आणि काच चालत्या गाडीतून रस्त्यावर पडण्याचा धोका राहतो. अशा वेळी पाटीच बदलावी.

अखेरची तपासणी

आरसा बसला की नेहमीच्या जागी, नेहमीच्या ढबीने बसून तो लावावा. आतल्या कडेला आपल्या गाडीची केवळ अरुंद पट्टी दिसावी आणि क्षितिज काचेच्या साधारण मध्यावर यावे. गाडीची बाजू जास्त दिसत असेल तर शेजारच्या रांगेचा तेवढाच भाग झाकला जातो. मग एका माणसाला मागून बाजूने चालत पुढे यायला सांगावे आणि तो आतल्या आरशातून नाहीसा होताना बाजूच्या आरशात दिसतो का, ते पाहावे.

नंतर रिकाम्या रस्त्यावर थोडी चक्कर मारून काच थरथरते का, शीळ येते का, ते ऐकावे आणि नळीने पाण्याचा फवारा मारून दाराच्या आत ओल येते का, ते हाताने चाचपावे. या दोन्ही चाचण्या पार पडल्या की दुरुस्ती पूर्ण झाली असे समजावे. त्या होईपर्यंत गाडी रहदारीत नेऊ नये, कारण एका बाजूचे दिसत नसताना गाडी चालवणे म्हणजे त्या बाजूने येणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय.